नळीचं इमान

काचेची नळी दुधात गळ्यापर्यंत बुडाली. दूध तपासायला नव्यानं आलेल्या रतिलालसाहेबांनी मान हलवली. "पाणी."

भिकुबाईच्या पायाखालची फरशी सरकली. शिंदखेड्याच्या दवाखान्यात बारा वर्षं तिचा म्हशीच्या दुधाचा रतीब. आत्ता काढलेलं दूध, चरवी तव्यावरच्या भाकरीसारखी ऊन. बोट बुडवावं तर दाट दूध बोटाला बिलगावं, आईला लेकरू बिलगतं तसं.

"कानबाई देवीनी आन साहेब, थेंबभर पानी नही शे."

"बाई, माणूस खोटं बोलतो, काच बोलत नाही. उद्या पुन्हा बुडाली तर रतीब बंद."

काच थंड मुलखातली. ऊन दुधात ती जास्त बुडायची, सायीच्या दुधात आणखी. म्हणून तर सरकारनं पेटीत थर्मामीटर दिला होता, सोबत उष्णतेप्रमाणे आकडा दुरुस्त करायचा तक्ता. पण थर्मामीटर नव्या नवरीसारखा कापसात लपेटून बसला होता आणि साहेबांनी अजून त्याचा घुंगट उचलला नव्हता.

दाराशी दुसरा रतीबवाला झिपरू हसत उभा होता. त्याचं दूध निळसर, पातळ. नळी त्यात रोज पाटलासारखी ताठ.

"अक्का, नळीले साय आवडत नही," तो म्हणाला. "दूध थंडं करी ले, साय काढी ले. नळी फार वर तरंगी उनी का बेतानं पानी टाक."

भिकुबाईनं त्याला शिव्या घातल्या. पण बारा वर्षांचं नाव जात होतं. संध्याकाळचं दूध तिनं गार पाण्यात ठेवलं. पहाटे म्हशीकडं पाठ करून साय काढली. मग विहिरीचं पाणी बेतानं ओतलं.

सकाळी नळी ताठ उभी राहिली. साहेबांनी कंपाउंडरला, नर्सला, सगळ्यांना बोलावून दाखवली.

"पाहा, धाक असला की माणूस सुधारतो. बाई, उद्यापासून आमच्या घरीही घाल. बाळाला वरचं दूध सुरू करायचंय."

पोर कुणाचंही असो, पोरच ते. भिकुबाईनं हळूच विचारलं, "साहेब, बाळले कोनतं देऊ? कालनं, का आजनं?"

"आजचंच. आणि काळजी करू नकोस. इतकं शुद्ध बाळाला जड जाईल, म्हणून निम्मं पाणी आम्ही घरी घालून घेऊ."