नवा पासवर्ड

“चांगदेवजी, कम्प्युटर आज परत मला आत घेत नाहीये,” अरुंधतीबाई दारातूनच म्हणाल्या.

चांगदेवनं खुर्ची पुढे सरकवली. “बसा. नवा पासवर्ड टाकून देऊ.”

तेव्हा रायपूरसुद्धा मध्य प्रदेशातच होतं, आणि तिथल्या शाखेचे कम्प्युटर नुकतेच चांगदेवच्या इंदूरच्या ऑफिसला जोडले होते. आधी सगळ्यांचे पासवर्ड चांगदेवला जसेच्या तसे दिसत. कुणी विसरलं की फोन करी, तो वाचून सांगे. मग रायपूरहून कुणीतरी भलत्याच्याच नावानं आत शिरलं, आणि चांगदेवनं सगळ्या पासवर्डांवर पक्कं एन्क्रिप्शन चढवलं. आता ते त्यालाही वाचता येत नव्हते. इंदूरच्या ऑफिसात विसरणाऱ्यानं वर त्याच्या खोलीत यायचं आणि नवा टाकायचा.

लोक सुरुवातीला आले, कुरकुरले, मग लक्षात ठेवायला शिकले. फोन वाजेनासा झाला. खोलीत दिवसभर मशीनची घरघर असायची. सुदामा नगरच्या घरी तीही नसायची. महूची बहीण सणावारी चौकशी करी, तेवढंच.

येत राहिल्या त्या एकट्या अरुंधतीबाई. हिशेब खात्यातल्या, त्याच्याच वयाच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. काम झालं तरी बसायच्या. डब्यातलं काहीतरी पुढे करायच्या, गौतमपुऱ्याच्या मावशीचे किस्से सांगायच्या. तो ऐकत राहायचा.

आज त्यांनी डबा आणला नव्हता. पासवर्ड टाकून त्या तशाच बसून राहिल्या.

“आईचंही असंच सुरू झालं होतं,” त्या म्हणाल्या. “पहिले चाव्या, मग नावं. शेवटी मलाच विचारायची, आप कौन?”

“थकवा असेल. होतं असं.”

“सकाळी चालतो तोच पासवर्ड दुपारी चुकतो. चिठ्ठीवर लिहून पाहिला. चिठ्ठीवरचाही चुकतो. म्हणजे लिहितानाच दिमाग काम करत नाही ना?”

चांगदेवनं कीबोर्ड आत सरकवला.

“काल साहेबांनी राजीनामा मंजूर केला. भाऊ नागपूरला घेऊन चाललाय. सांगायलाच आले होते.” त्या उठल्या. “खाली सगळे हसतात मला. तुम्ही कधी हसला नाहीत.”

दार लोटलं गेलं. जिन्यावरची पावलं ऐकू येत होती तोवर त्याला हाक मारता आली असती.

सांगायचं एवढंच होतं, की त्या काहीही विसरत नव्हत्या; रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांचा पासवर्ड तोच बदलत होता.