चुन्याची निवळी

मोठ्या बाईंनी बोट ओलं करून पोत्यातल्या पुडीत बुडवलं. ते जिभेपाशी पोहोचायच्या आत सुनेनं त्यांचं मनगट धरलं.

गोळ्यांच्या कारखान्यातले सगळे हातातलं काम टाकून बघू लागले. मोठ्या बाईंचा हात धरायची छाती त्यांच्या नवऱ्याचीही कधी झाली नव्हती.

"सोड. तीस वर्षं या जिभेवर कारखाना चाललाय."

"म्हणून तर सोडत नाही, आई." सुनेनं ते बोट नळाखाली धरलं आणि खसाखसा धुतलं.

पोती दोन. एकात गोळ्यांना आंबट करणारं लिंबूसत्त्व, दुसऱ्यात गंज काढायची विषारी पूड. छतातला नळ फुटला, पोत्यांवरच्या चिठ्ठ्या धुऊन निघाल्या आणि अकलेचा कांदा मुकादम, त्यानं दोन्ही पोती शेजारी-शेजारी ठेवली. दोन्हींत पांढरी, बारीक खड्यांची पूड, जुळ्या बहिणींसारखी. इकडे चुलीवर पाक आलेला. पाक काही घरचा गडी नव्हे, थांब म्हटलं की थांबायला.

"दोन्ही आंबटच ना?"

"दोन्ही सेंद्रिय आम्लंच, आई. एका गोतातली. लिंबूसत्त्वाच्या कणाला आम्लाचे तीन हात, या गंजवाल्याला दोन."

"म्हणजे हात कमी आणि मार जास्त!"

"हातांवरून वर्ग कळतो, गुण नाही. तो चुन्याला विचारायचा."

तिनं दोन पेल्यांत चुन्याची निवळी ओतली. दोन्ही पोत्यांतली चिमूट-चिमूट पूड वेगवेगळ्या पाण्यात विरघळवली आणि एकेका पेल्यात चार-चार थेंब सोडले. दुसरा पेला स्वच्छ राहिला. पहिला, मोठ्या बाईंनी बोट घातलं होतं त्या पोत्याचा, गार असतानाच दुधासारखा पांढरा झाला.

"हे विष," सून म्हणाली.

मग तिनं दुसरा पेला तापवला. उकळी फुटली तेव्हा कुठे तो गढूळला. "गरम झाल्यावर गढूळतं ते आपलं लिंबूसत्त्व."

"मोठ्या बाई, पाक करपला!" मुकादम ओरडला.

"करपू दे मेला. पाक दुसरा होतो." त्यांनी पांढरा पेला सगळ्यांसमोर धरला. "या, बघून घ्या. आणखी कुणाला चाखायचंय?"

मोठ्या बाई वळल्या. इतका वेळ थेंब मोजून सोडणारे सुनेचे हात आता लटलट कापत होते.

"कापायला आत्ता सवड झाली होय गं तुला?" म्हणत त्यांनी ते हात आपल्या पदरात गुंडाळून घट्ट धरले.