गार न लागणारा बर्फ

जावेने सहलीचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. बर्फात लोळणारी मुलं, लालबुंद नाकं! बबडीच्या आईला राहवेना. भांडी तशीच टाकून तिने बबडीचा गच्चीवरचा, स्वेटर घातलेला जुना फोटो शोधला आणि फोनवरच्या अ‍ॅपने त्यावर भुरुभुरु बर्फ पाडला. मागची पाण्याची टाकीसुद्धा पांढरीशुभ्र झाली. फोटो ग्रुपवर गेला.

"अगंबाई! कधी जाऊन आलात? पत्ता लागू दिला नाहीस," जावेचा लगेच निरोप आला. बबडीच्या आईला कोण गुदगुल्या झाल्या!

तेवढ्यात बबडी फोनमध्ये डोकावली. "आई, मी बर्फात कधी गेले?"

"गेलो होतो की! तू विसरलीस, वेडाबाई," आई वर न बघताच म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात शाळेतून बोलावणं आलं.

"आज वर्गात बर्फाची गोष्ट चालली होती," बाई हसू दाबत म्हणाल्या. "सगळी मुलं म्हणाली, बर्फ गार असतो. ही मात्र हटूनच बसली. गार नसतोच म्हणे, माझ्या अंगावर पडलाय, मला नाही लागला! मुलं खोटारडी म्हणून चिडवायला लागली, तर रडून वर्ग डोक्यावर घेतला हिने."

आईची मान वर होईना. बबडीने तिची ओढणी ओढली. रडून डोळे सुजले होते, पण आई आली म्हटल्यावर चेहरा अगदी निर्धास्त.


"सांग ना गं बाईंना! माझी आई कधीच खोटं बोलत नाही, असं सांगितलंय मी सगळ्यांना."