दोन टक्क्यांचं दार

"हर्षदा, दोन टक्के म्हणजे शून्य नव्हे गं. मुलांना आधी हे शिकव," शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात देवस्थळी बाई म्हणाल्या होत्या. मांडीवरच्या बाळाला थोपटत हर्षदा हसली. "बाई, हिरव्या दिव्यालाही घाबरायचं, तर दिवा लावलाच कशाला?"

दिवे आता दारोदारी होते. आतल्या माणसाला आज मदत लागण्याची शक्यता किती, ते वय आणि तपासण्यांवरून सकाळीच सांगायचे. पाच टक्क्यांच्या वर लाल, मग मदतनीस यायचे. हिरव्या दाराची बेल वाजवणं आगाऊपणाचं वाटे.

निवृत्त झालेल्या बाई हर्षदाच्याच मजल्यावर एकट्या राहायच्या. सोमवारी दोन टक्के, मंगळवारी दोन, बुधवारीही दोनच. हर्षदा आकडा बघायची आणि नववीला संभाव्यता शिकवायला निघायची. गुरुवारी कडेवरच्या बाळानं बाईंच्या कडीला लटकलेल्या दुधाच्या पिशव्यांकडे बोट दाखवलं. चार होत्या.

दार फोडलं तेव्हा बाई न्हाणीघरापाशी पडलेल्या होत्या. "पडल्या सोमवारी," डॉक्टर म्हणाले, "पण काल दुपारपर्यंत जीव होता."

दिवा अजून हिरवाच होता, आणि तो चुकलाही नव्हता.

आता नव्या शिक्षकांसमोर बाईंच्या जागी हर्षदा उभी राहते. फळ्यावर शंभर दारं काढते. "यातली दोन कुठली, ते दिव्याला माहीत नसतं. बेल वाजवल्यावरच कळतं."

तुमच्याकडेही तिचं एवढंच मागणं आहे. शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा. दिवा हिरवा असला तरी बेल वाजवा.