हंडा, भाग दुसरा

सुंदराबाईंनी मोबाईल चटईवर उपडा टाकला आणि लेकाला हाक मारली. "धम्मा, इकडे ये. आधी ये."

हाक अशी होती की धम्मपाल चहाचा कप ओट्यावर तसाच ठेवून आला. धम्मपाल गेममधली चित्रं काढतो. त्याचा पहिला गेम, 'हंडा', घाटकोपरच्या त्यांच्या जुन्या वस्तीवर होता. छकुली नावाची पोरगी भरलेला हंडा डोक्यावर घेऊन गल्लीबोळांतून पळते आणि पाणी सांडायच्या आत घर गाठते, एवढाच खेळ. तो इतका चालला की अंधेरीच्या एका कंपनीने गेमसकट धम्मपाललाही उचललं. आता दुसरा भाग तयार होता. आज संध्याकाळी पाचला शेवटची फाईल पाठवायची होती.

पाठवण्याआधी प्रत्येक गेम आईने खेळायचा, हा धम्मपालचा जुना नियम. आई अडली तर चूक गेमची, असं तो म्हणायचा. आता साठीच्या बाईला गेममधलं काय कळतं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

"कुठे अडलीस?" त्याने विचारलं.

"अडते कशाला? चकाचक केलंय सगळं. गटारात तोंड दिसतंय. आपल्या गटारात कधी कुणाचं तोंड दिसलं होतं का रे?"

"ग्राफिक्स आहे ते, आई. पहिल्यापेक्षा दहापट भारी."

"असू दे भारी. मी घरात गेले."

ते घर आता कुठेच नव्हतं. वस्ती पाडून तिथे पार्किंगचे मजले उभे राहिले होते आणि ही मंडळी शेजारच्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहत होती. जुनं घर उरलं होतं ते या मोबाईलमध्ये. दुपारी भांडी आवरली की सुंदराबाई पहिला गेम उघडायच्या आणि जरा घरी जाऊन यायच्या. त्या गेममध्ये छकुली घरात शिरली की हंडा खाली ठेवायची, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोपुढे हात जोडायची आणि तिच्या गेलेल्या तिन्ही लाईफ परत यायच्या.

सुंदराबाईंनी मोबाईल उचलून त्याच्यापुढे धरला. दुसऱ्या भागातली छकुली घरात शिरली, हंडा खाली ठेवला आणि कोपऱ्यातल्या फ्रिजमधून कोल्ड्रिंकची लाल बाटली काढून गटागटा प्यायली. टिंग, टिंग, टिंग. तीन लाईफ. मागची भिंत कोरी होती.

"फोटो कुठाय?"

"काढायला लावला." धम्मपाल फरशीकडे बघत म्हणाला. "कंपनीतले अनय सर म्हणाले, न्यूट्रल ठेवू. सगळ्यांनी खेळायला पाहिजे ना."

"मग पहिला कोण खेळलं, भुतं? समोरच्या टॉवरमधली पोरं लिफ्टमध्येसुद्धा खेळत होती. त्यांच्या लाईफ वाढत नव्हत्या का?"

"तसं नाही गं."

"मग कसं? नळाजवळच्या गणपतीला तर लायटिंग केलंय तुम्ही. छान दिसतंय, माझं काही म्हणणं नाही. त्याला नाही केलं न्यूट्रल?"

"तो सगळ्यांचा आहे, असं म्हणाले."

"आणि हे कोणाचे?"

हेच धम्मपालने मंगळवारी मीटिंगमध्ये विचारायला हवं होतं. तिथे त्याने मान डोलावली होती, वर 'शुअर सर' म्हणाला होता. तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता, पण म्हणून काय झालं, मान तर डोलावलीच ना.

त्याची बायको माधुरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, जाऊ द्या ना. आता परत लावला तर ह्यांची नोकरी जाईल."

"मी कुठे म्हणते लाव?" सुंदराबाईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कोणी काढला रे? त्या अनयने?"

"मी."

"तुझ्या हाताने?"

"चित्रं माझी आहेत, आई. दुसरं कोण काढणार?"

सुंदराबाईंना राग आला. कंपनीचा राग आला असता तर शिव्या देऊन मोकळ्या झाल्या असत्या. हा पोटच्या पोराचा राग होता, त्याला वाट सापडेना. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि दोन बोटं फाकवून ती कोरी भिंत मोठी केली.

"हे काय आहे?"

भिंतीवर एक काळा ठिपका होता.

"खिळा," धम्मपाल म्हणाला. "राहून गेला."

"फोटो काढलास आणि खिळा राहून गेला?"

"त्याचं चित्र वेगळं असतं गं. वेगळं काढावं लागतं. काढतो आत्ता."

"काढ. काढायचा तर नीट काढ. घरात हातोडी नव्हती, तुझ्या बापाने वरवंट्याने ठोकलाय तो. अर्धा गिलावा माझ्या पिठाच्या डब्यात पडला होता. जोर लागेल."

धम्मपालने लॅपटॉप उघडला. पावणेपाच झाले होते. त्याने भिंतीचं चित्र उघडलं, खिळ्यावर क्लिक केलं. खिळ्याभोवती बारीक निळी चौकट आली. आता एक बटण दाबायचं होतं, बस्स. त्याने बटणावर बोट ठेवलं.

सुंदराबाई उठून त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. बोट अजून तिथेच होतं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "निघत नाही?"