सास्तूरच्या घरातला दुसरा पाहणारा

"'खिंडार' काय रे? 'असुरक्षितता' लिही," मंजुषा मॅडम पुण्याहून फोनवर म्हणाल्या. "आणि संध्याकाळपर्यंत पुस्तिका पाठव, कुलदीप."

"मॅडम, 'असुरक्षितता' कुणी वाचणार नाही. कुंपणाला खिंडार पडतं, तसंच आहे हे. आमच्याकडं लगेच कळतं."

मॅडमनी सुस्कारा सोडून फोन ठेवला.

मुरुममधल्या भाड्याच्या खोलीत बसून कुलदीप एका सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तिका लिहीत होता. काम सरळ होतं. आपल्याकडच्या यंत्राचं मॉडेल टाकायचं, की त्यात बाहेरच्याला चोरून शिरता येईल अशी आजवर कुठली खिंडारं सापडली त्याच्या नोंदी समोर येतात. सगळं लिहून झालं होतं, एक खरं उदाहरण तेवढं हवं होतं. दुसरं काही सुचेना म्हणून त्यानं सास्तूरच्या घरातल्या कॅमेऱ्याचं मॉडेल टाकलं.

आई गेल्यावर वडील, अण्णा, तिथं एकटेच राहत होते. मुरुमला यायचं नावच घेत नव्हते, म्हणून त्यानं तो कॅमेरा बसवला होता. त्यातून बोलताही यायचं, पण कुलदीप कधी बोलला नाही. फोन होता की.

नोंद लाल अक्षरांत आली. 'धोका गंभीर. पासवर्ड नसतानाही बाहेरच्या माणसाला चित्र दिसते व बोलता येते.'

आता आली का पंचाईत. गडी जगाला शहाणपण शिकवायला बसलेला, आणि खिंडार ह्याच्याच घराला. त्यानं घाईघाईनं मोबाईलवर कॅमेऱ्याचं पान उघडलं. 'सध्या पाहणारे : दोन.'

एक तो स्वतः. मग दुसरं कोण?

एकट्या म्हाताऱ्याचं घर हेरून फोडणारे काय कमी आहेत? त्यानं फोन लावला.

"अण्णा, काय करायलाव?"

"जेवायलोय. गोळी बी घेतली, सांगितल्याबरुबर."

आपण सकाळी गोळीची आठवण करून दिली होती का, हे कुलदीपला आठवेना. दिली असेल.

"ऐका. त्या कॅमेऱ्यातनं कुणीतरी बघायलंय तुमच्याकडं. नवं सॉफ्टवेअर टाकून बंद करतो, पण आधी त्याच्या बुडाचं बटण दाबावं लागतंय."

"माझा हात पुरत न्हाय."

"शेजारच्या नागप्पाला बोलवा."

"त्यो रानात गेलाय."

"मग वायर तरी काढा."

"बघंना का कोण बघतंय ते. माझ्यात काय बघायचंय?"

कुलदीपचं डोकं सणकलं. "शिवांजलीला विचारू का मग? तिला लई कळतं ह्यातलं."

थोरली बहीण शिवांजली हैदराबादला असलीच खिंडारं शोधायच्या कामात होती. तिनं आपल्या मनानं लग्न केलं म्हणून अण्णांनी तिला घराचं दार बंद केलं होतं. आई गेली तेव्हाही ते उघडलं नाही.

"तिचं नाव काढायचं न्हाय ह्या घरात," अण्णा म्हणाले आणि फोन बंद झाला.

कुलदीपनं मोबाईलवर बघितलं, नेहमीसारखं आवाज न लावताच. एरवी दाराकडं तोंड करून जेवणारे अण्णा आता भिंतीवरच्या कॅमेऱ्यासमोर ताट घेऊन बसले होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. घरात चिटपाखरू नव्हतं, तरी ओठ हलत होते. बाप भिंतीशी बोलायला लागला, या विचारानं कुलदीपला भडभडून आलं.

पुस्तिका तशीच टाकून त्यानं मोटरसायकल काढली. वाटेत मॅडमचे फोन येत राहिले. त्यानं उचलले नाहीत.

सास्तूरला पोचला तर अण्णा दारातच वाट अडवून उभे.

"कशाला पळत आलास? ऱ्हाऊ दे म्हणलं न्हवं?"

"कुणीतरी परकं माणूस तुम्हाला रोज जेवताना, झोपताना बघतंय, अण्णा. मला तिकडं घास गिळंना. तुम्हाला कसं चालतंय हे?"

अण्णांनी एकदा कॅमेऱ्याकडं बघितलं. मग बाजूला झाले.

कुलदीपनं स्टुलावर चढून बटण दाबलं. मोबाईलवर हिरवी पट्टी सरकायला लागली.

"आता बंद झाला व्हय त्यो?" अण्णांनी विचारलं.

"पट्टी भरंस्तवर चालू हाय. मग ज्याच्याकडं पासवर्ड, त्यालाच दिसंल. म्हणजे मला."

"दुसऱ्या कुणालाच न्हाय?"

"कुणालाच न्हाय." कुलदीपला हायसं वाटलं. आता निवांत झोप लागेल, असं तो म्हणालासुद्धा.

अण्णा कॅमेऱ्याखाली येऊन उभे राहिले. त्यांनी टोपी सारखी केली आणि मान वर केली.

"शिवे, तुझा भाऊ बंद करायलाय बघ हे," ते म्हणाले. "आता घरलाच ये, बाय. जावयाला बी घेऊन ये."