पिकलेली पपई

"फळं भरपूर खा. पण घरी धुतलेली, घरी कापलेली. बाहेरची चिरलेली फोड तोंडात घालू नका. आणि कापणाऱ्याचे हात आधी स्वच्छ हवेत," दवाखान्यातली नर्स म्हणाली होती. शेवटचं वाक्य तिने बायकोकडे नाही, नवऱ्याच्या नखांकडे बघून सांगितलं.

तो गाड्या दुरुस्त करायचा. ग्रीस नखांत कायमचंच वस्तीला. प्रयोगशाळेत काचेत वाढवलेला गर्भ डॉक्टरांनी बायकोच्या पोटात सोडला, त्या संध्याकाळी त्याने नवा ब्रश आणला. "निकाल काहीही लागो, तुझं फळ रोज मीच कापून देणार," म्हणाला. तेव्हापासून कामावरून आल्यावर कोपरापर्यंत हात घासायचे, मगच फळाला शिवायचं, हा त्याचा नेम झाला. निघताना एकदा गॅरेजातही घासायचा. बाकीचे चिडवायचे, "उस्ताद, ऑपरेशनला निघालात का?"

"हो. सफरचंदाच्या."

घरात सगळी फळं यायची. पपई सोडून. पिकलेली चालते, कच्ची तेवढी नको, असं नर्सने सांगूनही त्याची आई ऐकेना. "तिला काय जातंय सांगायला! पोटुशीच्या घरात पपई? माझ्या डोळ्यांदेखत नाही." शेजारणीने आणलेली पपई तिने दारातूनच परत धाडली होती.

गर्भ रुजला की नाही, त्या रक्ताच्या तपासणीचा निकाल आज फोनवर कळायचा होता. दुपारी त्याने गॅरेजातून बायकोला दोनदा फोन लावला. तिने उचलला नाही. आज तो हात न घासताच निघाला.

घरी आला तेव्हा ती खुर्चीत बसली होती. मोबाइल टेबलावर पालथा. शेजारी ताटलीत एक अख्खी, पिवळीधमक पपई.

तो दारातच थांबला. एक बूट काढायचा राहिला.

"तिला आवडते म्हणून आणली," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आता काय... आता खाऊ दे."

"पिकलेली तेव्हाही चालत होती, आई," बायको म्हणाली. रागाने नाही. नुसतंच.

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

त्याने दुसरा बूट काढला, बेसिनपाशी गेला, नळ सोडला. ब्रशवर साबण घेतला. पाणी आधी काळं गेलं, मग करडं.

"अहो, आता कशाला एवढं घासताय?"

"नीट निघालं नाही अजून."

पाणी नितळ येईपर्यंत तो घासत राहिला. मग त्याने टेबलावरची पपई उचलली आणि तीही नळाखाली धरली.